टेलच्या माणसाचा पगार

(1 मे रोजी, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनाच्या निमित्तानं कॅम्पच्या मेसमध्ये जमलेल्या मराठी कामगारांसमोर केलेलं भाषण. ज्यांना ड्युटीमुळे येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



दिवसभर उन्हात काम करून तुम्ही आंघोळ-जेवण आटोपून इथं बसलात, त्यामुळे लांबण लावत नाही. पण जे सांगायचंय ते नीट सांगतो, कारण विषय पगाराचा आहे.

तुमच्यातले बरेच जण शेतकऱ्याच्या घरातले. कालव्याचं पाणी कसं येतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. धरणातून पाणी सुटतं, कालव्यात येतं, तिथून वितरिकेत, मग चारीत, आणि शेवटी शेतात. वरच्या अंगाला ज्यांची जमीन, ते पोटभर पाणी घेतात. मध्येच कुणी दार फोडतं, कुणी मोटर टाकतं. आणि टेलला ज्याचं शेत आहे तो रात्रभर बांधावर बॅटरी घेऊन बसतो. त्याला सकाळी कळतं की पाळी संपली. कागदावर मात्र त्याचं क्षेत्र ओलिताखाली आलेलं असतं.

सरकारी बांधकामातला पैसा असाच वाहतो. मी बरीच वर्षं बिलिंगच्या टेबलावर काम केलं. कुठल्या महिन्यात किती काम झालं ते मोजायचं, त्याचं बिल बनवायचं, आणि ते पास होईपर्यंत त्याच्यामागे फिरायचं. त्या टेबलावरून पैसा वरून सुटताना दिसतो आणि खाली पोचताना आटलेलाही दिसतो. म्हणून आज तुम्हाला प्रकल्पाचं व्यवस्थापन टेलच्या बाजूनं कसं दिसतं ते सांगणार आहे.

साखळी कशी असते

समजा, सरकारला मोठं हॉस्पिटल बांधायचंय. सरकार किंवा सरकारचं एखादं प्राधिकरण हा मालक. त्याच्या वतीनं कामावर देखरेख करतो तो कन्सल्टंट, म्हणजे करारातला ‘इंजिनिअर’. काम घेतो मुख्य कंत्राटदार. तो प्लास्टर एकाला देतो, सेंट्रिंग दुसऱ्याला, लाइट-फिटिंग तिसऱ्याला. हे झाले उपकंत्राटदार. आणि या उपकंत्राटदाराकडे माणसं कमी पडली की तो सप्लाय कंपनीकडून तासावर माणसं घेतो. तुमच्यातल्या किती जणांचा व्हिसा सप्लाय कंपनीचा आहे? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त.

म्हणजे हॉस्पिटल सरकारचं, आणि तुम्ही त्याच्यापासून चार-पाच पायऱ्या खाली.

आता पैशाचं वेळापत्रक बघा. आखातात आणि जागतिक बँकेच्या पैशानं होणाऱ्या कामांत ‘फिडिक’ नावाच्या संस्थेचे करारनाम्याचे नमुने खूप वापरले जातात. 1999 सालच्या त्यांच्या लाल पुस्तकात मुदत अशी आहे: कंत्राटदारानं महिन्याच्या कामाचं बिल इंजिनिअरला दिलं, की तिथून 56 दिवसांच्या आत मालकानं पैसे द्यायचे. तुम्ही 1 जूनला भिंतीला प्लास्टर केलंत. जूनचं बिल जुलैच्या सुरुवातीला गेलं. त्यावर 56 दिवस धरा. मुख्य कंत्राटदाराला पैसे मिळतात ऑगस्टच्या अखेरीला. हे सगळं वेळेवर झालं तर. वर त्यातून पाच-दहा टक्के रक्कम अनामत म्हणून कापून ठेवतात, ती काम संपल्यावर, दोषदुरुस्तीची मुदत गेल्यावर सुटते.

आणि उपकंत्राटदाराच्या करारात बहुतेक वेळा एक ओळ असते: आम्हाला वरून मिळाले की तुम्हाला देऊ. सप्लाय कंपनीलाही तो तेच सांगतो. सप्लाय कंपनी तुम्हाला काय सांगते ते तुम्हाला पाठ आहे. ‘पेमेंट आया नहीं, अगले हफ्ते।’

आता यात गंमत काय आहे बघा. मधले तीन महिने काम कुणाच्या पैशावर चाललं? मोठा कंत्राटदार बँकेकडून उचल घेतो, त्याला सुरुवातीला आगाऊ रक्कमही मिळालेली असते. सिमेंटवाला उधारीवर माल देतो, पण भावात व्याज लावून. आणि तुमचा पगार दोन महिने थांबला, तर तुम्ही त्या प्रकल्पाला दोन महिने बिनव्याजी कर्ज दिलेलं असतं. गावाकडे मात्र तुम्ही येण्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज चालूच असतं.

वरचं पाणी का आटतं

तुम्ही म्हणाल, सरकारचा प्रकल्प, सरकारकडे पैसे नाहीत असं कसं होईल? होतं. आणि सगळ्याच वेळी चोरीमुळे होत नाही. आपल्याकडचीच उदाहरणं घ्या.

विदर्भातलं गोसीखुर्द धरण. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. मूळ अंदाज होता 372 कोटींचा. पुढे तो वाढत वाढत अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू. 660 कोटींत आणि 2004 पर्यंत व्हायचा होता. उद्घाटन झालं 30 जून 2009 ला, खर्च सोळाशे कोटींच्या वर.

असं का होतं? पहिलं कारण, मंजुरी मिळावी म्हणून अंदाज कमी दाखवतात. दुसरं, जमीन ताब्यात नाही, नकाशे पुरे झालेले नाहीत, आणि तरी नारळ फुटतो. मग काम अर्ध्यावर आलं की डिझाइन बदलतं. तिसरं, पैसा दरवर्षीच्या बजेटमधून थोडा थोडा येतो. एकाच वेळी शंभर कामं काढली की प्रत्येकाला चिमूटभर. काम दोन वर्षांचं आणि पैसा दहा वर्षांत, असा हिशेब होतो. 2025 मध्ये महाराष्ट्रात जलजीवन मिशनच्या आणि इतर सरकारी कामांची बिलं थकली म्हणून कंत्राटदारच रस्त्यावर उतरले होते. कंत्राटदारांचं आंदोलन पेपरात आलं. त्यांच्या खालच्या मजुरांचं काय झालं, हे किती पेपरांत आलं?

आखातातही तेच. इथला पैसा तेलाचा. 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले, सौदी सरकारकडून कंत्राटदारांची देणी लांबली, आणि 2016 मध्ये हजारो भारतीय कामगार कॅम्पमध्ये अडकले. महिनोन्‌महिने पगार नाही, काही ठिकाणी मेससुद्धा बंद. जेद्दाच्या भारतीय वकिलातीला जेवण पुरवावं लागलं, परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग तिथं गेले. त्या माणसांनी काम केलं नव्हतं का? केलं होतं. भाव पडला तेलाचा आणि चूल विझली गवंड्याची.

म्हणून लक्षात ठेवा. प्रकल्प सरकारी आहे, मोठा आहे, याचा अर्थ पगार पक्का असा होत नाही. प्रकल्प नीट आखलाय का आणि त्याचा पैसा वेळेवर सुटतो का, यावर तुमचा पगार असतो.

उशीर वर, घाई खाली

खराब व्यवस्थापनाची दुसरी किंमत पैशात मोजता येत नाही. नकाशा मंजूर व्हायला चार महिने लागले, कुणीतरी सही अडवून बसलं, पण उद्घाटनाची तारीख हलत नाही. मग ते चार महिने कुठून भरून काढायचे? तुमच्या अंगातून. डबल शिफ्ट, रात्रीचा स्लॅब, शुक्रवारची सुट्टी रद्द. आणि घाईत पहिली जाते ती सुरक्षितता. परातीची फळी बांधायची राहते, हार्नेसचा हुक लावायला वेळ नसतो.

उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवायचा नियम आहे. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन. कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. ही मेहरबानी नाही, नियम आहे. काम मागे पडलंय म्हणून कुणी या वेळात उघड्यावर उभं केलं, तर मागे पडलेल्या कामाचा दंड तो तुमच्याकडून वसूल करतोय असं समजा.

सगळे सरकारी प्रकल्प असेच असतात असं नाही. आपली कोकण रेल्वे घ्या. 1990 मध्ये महामंडळ झालं, ई. श्रीधरन प्रमुख. सातशेहून जास्त किलोमीटरचा मार्ग, नव्वदच्या वर बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल. त्यांनी मार्गाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याच्या मुख्य अभियंत्याला तिथल्या तिथे निर्णय घ्यायचे अधिकार दिले. प्रत्येक कागद मुख्य कार्यालयात पाठवायचा नाही. कंत्राटदाराचं बिल अडवून ठेवायचं नाही. जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. डोंगराळ मुलखात हे काम आठ वर्षांत होणं ही लहान गोष्ट नव्हती.

पण त्याच रेल्वेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेडण्याच्या मऊ मातीच्या बोगद्यानं पुन्हा पुन्हा कोसळून माणसं घेतली. दरडींनी घेतली. रत्नागिरीला त्या कामगारांचं स्मारक आहे. तुमच्यातले रत्नागिरी, सिंधुदुर्गचे लोक सुट्टीला त्याच गाडीनं घरी जातात. उत्तम चालवलेल्या प्रकल्पातसुद्धा सगळ्यात मोठी किंमत टेलच्या माणसानं मोजली, हे विसरू नका.

एक रुपयाची गोष्ट

आता एक जुनी गोष्ट सांगतो, आजच्या भाषणातली सगळ्यात महत्त्वाची.

1982 साली दिल्लीत एशियाड झालं. यजमानपद मिळालं होतं 1976 मध्ये. मध्ये सरकारं बदलली, आणि खरा वेग आला 1980 नंतर. मग स्टेडियमं, उड्डाणपूल, खेळाडूंसाठी वसाहत, सगळं दोन वर्षांत उभं करायचं होतं. 19 नोव्हेंबरची तारीख ठरलेली. राजस्थान, ओरिसा, उत्तर प्रदेशातून मजूर आणले गेले. आणले कुणी? जमादारांनी. आपण ज्याला मुकादम म्हणतो तो.

किमान मजुरी होती दिवसाला 9 रुपये 25 पैसे. कंत्राटदार ती जमादाराच्या हातात द्यायचे. जमादार प्रत्येकामागे एक रुपया स्वतःला ठेवायचा आणि मजुराला 8 रुपये 25 पैसे द्यायचा. बायांच्या हातावर तर 7 रुपयेच पडत, अशी तक्रार होती.

पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेनं साइटवर माणसं पाठवून अहवाल करवला आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिलं. त्या पत्रालाच न्यायालयानं याचिका मानलं. सरकारची बाजू काय होती? हे मजूर आमचे नाहीत, कंत्राटदारांचे आहेत. तुम्ही रोज ऐकता तेच.

18 सप्टेंबर 1982 ला निकाल आला. न्यायालयानं दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एक, काम सरकारचं आहे, तर कंत्राटदार कायदा पाळतोय की नाही हे बघण्याची जबाबदारी सरकारला झटकता येणार नाही. दोन, किमान मजुरीपेक्षा कमी पैशात माणूस राबतो तेव्हा तो राजीखुशीनं राबत नाही, भूक त्याला राबवते. म्हणून ती वेठबिगारीच आहे आणि घटनेच्या 23 व्या कलमानं तिला बंदी आहे. आणि मजुरी थेट मजुराच्याच हातात, मध्ये कसलीही बेकायदा कपात न करता.

ही गोष्ट मी का सांगितली? हा निकाल भारतातला आहे, इथल्या कोर्टात तो चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो एक रुपया तुम्ही ओळखता. आज तो एजंटाच्या फीमध्ये असतो, कॅम्पच्या कपातीत असतो, न लिहिलेल्या ओव्हरटाइममध्ये असतो. आणि ‘हा माणूस आमचा नाही’ हे उत्तरही तेच आहे.

आधी टेल

पाटबंधारे खात्यात एक तत्त्व आहे, टेल टू हेड. पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग वर सरकत यायचं. वरचा शेतकरी कधी कोरडा राहत नाही, म्हणून त्याला शेवटी दिलं तरी चालतं. बांधकामाच्या पैशालाही हेच लावलं पाहिजे. मजुरीचा भाग आधी बाजूला काढा, मग बाकीची भांडणं करा. भारतात 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानं तसंच म्हटलं होतं: कंत्राटदारानं मजुरी दिली नाही तर मुख्य मालकानं द्यायची आणि कंत्राटदाराकडून वसूल करायची.

इथंही थोडं थोडं त्या दिशेनं पाऊल पडलंय. पगार बँकेतून देण्याची सक्ती, म्हणजे डब्ल्यूपीएस, अमिरातीत 2009 पासून, सौदीत 2013 पासून, कतारमध्ये 2015 पासून सुरू झाली. कतारनं 2018 च्या कायद्यानं कामगारांसाठी निधी काढला, कंपनी बुडाली तर त्यातून थकबाकी मिळावी म्हणून. 2021 पासून तिथं किमान वेतन 1000 रियाल आहे, आणि राहण्या-जेवणाची सोय कंपनीची नसेल तर त्याचे वेगळे 500 आणि 300. आणि तुमचा कुणी भाऊ-मित्र आफ्रिकेत किंवा दुसरीकडे जागतिक बँकेच्या पैशाच्या कामावर असेल, तर त्याला सांगा की 2018 पासूनच्या बँकेच्या नियमांत कंत्राटदाराच्या कामगारांसाठीही तक्रार नोंदवायची सोय असावी लागते.

पण डब्ल्यूपीएसची एक मर्यादा ओळखा. बँकेला दिसतं ते कंपनीनं पाठवलेलं. बाराशे पाठवले तर बाराशे दिसतात. साठ तासांचा ओव्हरटाइम लिहिलाच नाही, तर त्या साठ तासांचा मशीनला पत्ता नसतो.

आपण काय करायचं

एका सरकारी इमारतीच्या कामावरची गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. कॉरिडॉरचं प्लास्टर झालं, आणि नंतर कळलं की नकाशा बदललाय. सगळं फोडून पुन्हा केलं, रात्री जागून. वरून त्या दुसऱ्या वेळच्या कामाचं बिल अडलं, आणि खाली कुणालाच त्या रात्रींचा ओव्हरटाइम मिळाला नाही. प्रकरण लेबर ऑफिसला गेलं. कंपनीनं टाइमशीट पुढे केली, तिच्यात त्या रात्री नव्हत्याच.

त्या खोलीत खेड तालुक्यातला एक गवंडी होता. त्याच्याकडे कालनिर्णय होतं. घरी बायको ज्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिते, तशा चौकटीत यानं रोजचे तास लिहिले होते. कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर, कुठल्या फोरमनच्या हाताखाली. तीन महिन्यांचं, एकही दिवस न चुकवता. बाराखडीत लिहिलेलं, पण आकडे आकडेच असतात. अधिकाऱ्यानं दुभाष्याकडून ते वाचून घेतलं. त्याचे पैसे मिळाले. बाकीच्यांनीही तेवढ्याच रात्री काढल्या होत्या, पण त्यांना कंपनीनं लिहिले तेवढेच मिळाले.

म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक. रोज लिहा. तारीख, तास, साइट, फोरमन. आणि फक्त आपल्या सप्लाय कंपनीचं नाव लिहून थांबू नका. साइटच्या फलकावर मालक कोण, कन्सल्टंट कोण, मुख्य कंत्राटदार कोण हे लिहिलेलं असतं. ते वहीत उतरवून घ्या. फोटो काढू नका, विमानतळासारख्या ठिकाणी त्यानं उलटं लचांड मागे लागतं. उद्या सप्लाय कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं, तर दाद मागायला वरची नावं लागतील.

दोन. पाणी आटल्याच्या खुणा ओळखा. भाड्याची क्रेन परत जाते. प्लायवूड, सळई येणं थांबतं. इंजिनिअर एकेक करून दुसरीकडे जातात. मेसवाला कुरकुरतो. आणि सगळ्यात मोठी खूण, आयडीचं नूतनीकरण लांबतं. अशा दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की जागे व्हा.

तीन. पहिल्या महिन्याला बोला. सहाव्या महिन्याला नाही. तक्रारीला मुदत असते, आणि थकबाकी जितकी मोठी तितकी ती बुडण्याची शक्यता मोठी. रागाच्या भरात काम बंद करू नका, इथं त्यानं नोकरी आणि व्हिसा दोन्ही जातात. आधी लेखी तक्रार करा, मग लेबर ऑफिस, आणि सोबत दूतावास. भारत सरकारच्या ‘मदद’ पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार टाकता येते. दहा जणांनी मिळून केलेली तक्रार एकट्यापेक्षा जास्त ऐकली जाते.

चार. वाचता येत नाही अशा कागदावर सही करू नका. खास करून घरी जाताना. ‘सगळा हिशेब मिळाला’ असं लिहून घेतात आणि हिशेब नंतर देऊ म्हणतात. आपण सही केली की कागदोपत्री आपलं शेत ओलिताखाली आलं.

हे सगळं करूनही पैसे बुडणार नाहीत अशी हमी मी देत नाही. देणारा कुणी भेटला तर तो एजंट असेल. पण जो लिहितो त्याच्याकडे विचारायला काहीतरी असतं.

शेवटी एवढंच. हॉस्पिटल पूर्ण होईल तेव्हा कोनशिलेवर मंत्र्याचं नाव येईल, कंत्राटदाराचं येईल. आपलं नाव तिथं येणार नाही, त्याचं दुःख नको. पण पगाराच्या यादीत ते आलंच पाहिजे, आणि पूर्ण तासांसकट आलं पाहिजे.

येताना काही वह्या आणल्यात. दाराजवळ ठेवल्यात. जाताना एकेक घेऊन जा, आणि आजची तारीख आजच टाका.

जय महाराष्ट्र.